वीट रचणाऱ्याचा हिशेब आणि वीट देणारीचा

(झाशीच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या मराठी बौद्ध कुटुंबांनी आणि विद्यार्थ्यांनी भरवलेल्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे थोडं आवरून घेतलेलं रूप.)

मघाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, "पोरी, तुझा पीएचडीचा विषय काय गं?" मी म्हणाले, "बांधकाम क्षेत्रातलं व्यवस्थापन आणि कामगिरी." ते म्हणाले, "म्हणजे तू इंजिनिअर?" "नाही काका, समाजशास्त्र." ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग गवंड्याचं तू काय मोजणार?"

हा प्रश्न मला आवडला. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी माझं सांगते. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. मी लहान असताना आई-वडील पिंपरी-चिंचवडला आले. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई बिगारी. स्लॅबच्या दिवशी आई पहाटे जायची ती रात्री यायची. डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून तिथले केस विरळ झालेत, ते आजही दिसतं. मी दहावीला असताना एका फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. तिथं मी 'गृहिणी' लिहिलं. मला तसं लिही म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. वर्गात बिगारणीची पोर म्हणून ओळख नको होती, एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती परत येणार आहे.

झाशीशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. आमच्या चाळीत शेजारच्या खोल्यांमध्ये झाशी, ललितपूर, टीकमगढ इकडची माणसं भाड्यानं राहायची. सगळी बांधकामावर. लॉकडाऊनमध्ये त्या खोल्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. मे २०२० मध्ये महाराष्ट्रातून निघालेले हजारो मजूर उत्तर प्रदेशच्या हद्दीवर, इथल्या रक्सा नाक्यावर अडकून पडल्याच्या बातम्या आल्या. मी त्या फोटोंत ओळखीचे चेहरे शोधत होते. ज्यांच्या हातांनी आमच्या शहरातल्या इमारती उभ्या राहिल्या, ते कुठून येतात, घरी काय घेऊन परततात, हे पाहायचं मी तेव्हा ठरवलं. म्हणून मी बुंदेलखंडात आले. इथं चैतात पिकं कापायला बाहेर जाणाऱ्यांना 'चैतुआ' म्हणतात. आता बांधकामासाठी जाणाऱ्यांना महिना-ऋतू राहिलेला नाही.

आता काकांचा प्रश्न. बांधकामात कामगिरी म्हणजे काय मोजतात?

व्यवस्थापनाच्या पुस्तकात तीन गोष्टी असतात: वेळ, खर्च आणि दर्जा. काम वेळेत झालं का, ठरलेल्या पैशात झालं का, नीट झालं का. आपल्याकडे बांधकाम व्यवस्थापन शिकवायला १९८३ साली निकमार ही वेगळी संस्था निघाली. ब्रिटनमध्ये १९९८ साली सर जॉन ईगन यांच्या समितीचा अहवाल आला. त्यानं या उद्योगाला आकडेच बांधून दिले: दरवर्षी खर्च दहा टक्के कमी करा, वेळ दहा टक्के कमी करा, दोष वीस टक्के कमी करा, अपघात वीस टक्के कमी करा. यात अपघात मोजायचे असं कोणीतरी ठरवलं, म्हणून ते कामगिरीच्या हिशेबात आले. काय मोजायचं ते माणसं ठरवतात. जे मोजलं जात नाही त्याची कोणी बैठकही घेत नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. बुंदेलखंड द्रुतगती मार्ग. चित्रकूट ते इटावा, २९६ किलोमीटर, खर्च साधारण १४,८५० कोटी. २९ फेब्रुवारी २०२० ला पायाभरणी आणि १६ जुलै २०२२ ला उद्घाटन. मुदत छत्तीस महिन्यांची होती, काम अठ्ठावीस महिन्यांत झालं, म्हणून कौतुक झालं. आठवड्याच्या आत पावसानं जालौनजवळ रस्ता खचला, तेव्हा टीका झाली, मग लगेच दुरुस्ती झाली. वेळ, खर्च, दर्जा या तिन्हींवर भरपूर चर्चा झाली. पण पायाभरणीनंतर महिन्याभरात देश बंद झाला होता. त्या अठ्ठावीस महिन्यांत रस्त्यावर राबलेली माणसं कोण, ती कुठं राहिली, त्यांना मजुरी किती दिवसांनी मिळाली, हे त्या चर्चेत कुठं ऐकलंत का?

मजुराचं काम मोजायची सुरुवात फार जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा मुलगा १८८५ साली, सतराव्या वर्षी, गवंड्याच्या हाताखाली काम शिकायला लागला. त्याच्या लक्षात आलं की एक वीट लावायला गवंडी अठरा हालचाली करतो. त्यानं त्या पाचांवर आणल्या. फ्रेडरिक टेलरनं १९११ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हे उदाहरण दिलंय: ताशी १२० विटांच्या जागी गवंडी ३५० विटा लावायला लागला. व्यवस्थापन शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हे वाचतो.

मीही वाचलं. पण दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडकले. गवंड्याचं वाकणं वाचलं कसं? तर विटा गाडीतून उतरल्यावर हाताखालचा मजूर त्या निवडणार, चांगली बाजू बरोबर येईल अशा लाकडी चौकटीत रचणार, आणि ती चौकट गवंड्याच्या हाताजवळ नेऊन ठेवणार. म्हणजे गवंड्याच्या काही हालचाली नाहीशा झाल्या नाहीत, त्या दुसऱ्याच्या अंगावर गेल्या. आणि ३५० विटांचा आकडा गवंड्याच्या नावावर लागला.

आपल्याकडे तो हाताखालचा मजूर कोण असतो, हे इथं कोणाला सांगायची गरज नाही.

या शहरातल्या एका साइटवर मी गेल्या वर्षी बसत होते. जागेचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना तसा शब्द दिलाय. माझ्याजवळ एक तक्ता होता. या विषयात तो सगळेच वापरतात. दर थोड्या वेळानं मान वर करायची, समोरचा प्रत्येक माणूस काय करतोय ते बघायचं आणि तीनपैकी एका रकान्यात खूण करायची. प्रत्यक्ष काम, पूरक काम, रिकामा वेळ. मिस्त्री वीट लावतोय, ते प्रत्यक्ष काम. बाई तसल्यात मसाला घेऊन चाललीय, ते पूरक. घमेल्याला इथं तसला म्हणतात. आणि कोणी नुसतं उभं असेल तर रिकामं.

तिथं एक अहिरवार समाजाच्या बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी त्यांना भौजी म्हणायचे, त्या मला बिन्नू म्हणायच्या. बुंदेलीत मुलीला-बहिणीला प्रेमानं बिन्नू म्हणतात. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझा कागद हातात घेतला. अक्षर ओळख नव्हती, पण रकाने दिसत होते. "यात मी कुठं आहे?" मी दाखवलं. एका रकान्यात बऱ्याच खुणा होत्या. "आणि हे काय?" मी चाचरत म्हणाले, "इथं तुम्ही थांबलेल्या होतात."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी थांबलेली नव्हते. मी मिस्त्रीचा हात बघत होते." मग त्यांनी मला समजावलं. मिस्त्री ओळीच्या टोकाला आला की त्याला अर्धी वीट लागते, ती आधी तोडून ठेवावी लागते. मसाला घट्ट व्हायला लागला की तो करनी दोनदा फिरवतो, तेव्हाच पाणी आणायचं. आधी आणलं तर पातळ होतो, उशिरा आणलं तर त्याचा हात थांबतो. उन्हात भाजलेली वीट आधी भिजवायची, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिते आणि सांधा कच्चा राहतो. हे सगळं उभं राहून बघावं लागतं. "मी उभी राहते म्हणून तो चालतो," असं त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांचा नातू आजारी पडला. दोन दिवस त्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी नाक्यावरून एक नवा पोरगा आणला. कष्टाळू होता, पण त्याला मिस्त्रीचा हात वाचता येत नव्हता. दोन दिवस भिंत हळू चढली, एक कोपरा उतरवून परत करावा लागला. सुपरवायझरनं वहीत लिहिलं, 'मिस्त्री ढिला'. भौजी परत आल्या आणि भिंत पूर्वीसारखी चढायला लागली. वहीत त्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नाही.

त्या रात्री खोलीवर येऊन मी माझी प्रश्नावली उघडली. त्यात 'कौशल्य पातळी' असा रकाना होता आणि भौजींच्या नावापुढं मी लिहिलं होतं, 'अकुशल'. मला दहावीचा फॉर्म आठवला. एका आईचं काम मी 'गृहिणी' लिहून पुसलं होतं, दुसऱ्या आईचं 'अकुशल' लिहून. पहिल्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. दुसऱ्या वेळी माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती. दोन्ही वेळा पेन माझ्याच हातात होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात जात कुठं आली? हाच प्रश्न मला एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारला होता. म्हणाले, "जात हा बांधकामाच्या उत्पादकतेतला घटक नाही, विषय भरकटतोय." मी त्यांना एवढंच म्हणाले, "सर, केंद्रीय बांधकाम खात्याचं दर विश्लेषण बघा." सरकारी बांधकामाचा अंदाज त्यावर काढतात. त्यात मजुरांचे वर्ग दिलेत: मेट, मिस्त्री, गवंडी, कुली, आणि त्यांच्यासोबत बेलदार आणि भिश्ती. बेलदार ही महाराष्ट्रात एक जमात आहे. भिश्ती हे पखालीनं पाणी वाहणाऱ्या समाजाचं नाव. उत्तरेत साध्या बिगाऱ्याला बेलदारच म्हणतात, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे जात या उद्योगाच्या हिशेबवहीत आम्ही घुसवलेली नाही. ती तिथं छापलेलीच आहे. आपल्याकडे वडार समाज पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आणि माती उकरत आला. किती धरणं, किती रस्ते त्यांच्या हातांवर उभे आहेत. पण सरकारी कोष्टकात ते कौशल्य म्हणून कुठं उतरलं?

तरीही मला इथं सावधपणे बोललं पाहिजे, कारण सोपं चित्र खोटं असतं. वरच्या जातीचे सगळे मिस्त्री आणि दलित सगळे बेलदार, असं मला झाशीत दिसलं नाही. अहिरवार मिस्त्री भेटले, उत्तम कारागीर होते. जात काम करते ती शिकण्याच्या जागी. करनी हातात कोण देतो? कोणत्याही शाळेत नाही, उस्ताद देतो. तो कोणाला देतो? भाच्याला, पुतण्याला, गावच्या पोराला. ज्याच्या नात्यात उस्तादच नाही, त्याला तसलाच राहतो. ठेकेदारी तर आणखी वर. तिथं भांडवल लागतं, कचेरीत ओळख लागते. आणि बाई असेल तर कोणत्याच जातीचा उस्ताद तिच्या हातात करनी देत नाही. नवरा-बायको जोडीनं कामाला लागले तर पुष्कळदा तिची मजुरीसुद्धा त्याच्याच हातात पडते.

हे निसर्गानं ठरवलेलं नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारत योजनेत शौचालयं बांधायला गवंडी कमी पडले, तेव्हा गावातल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणायला लागले. करनी हातात आली आणि बायकांनी भिंती उभ्या केल्या. झाशीत राणी म्हटलं की सगळ्यांना एकच राणी आठवते. पण याच शहरात कोरी समाजातली झलकारीबाई होऊन गेली. राणीला निसटता यावं म्हणून ती स्वतः राणीचा वेष घेऊन पुढं झाली, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. तिच्या नावाचं टपाल तिकीट निघायला २००१ साल उजाडलं. केलेल्या कामाचं नाव उशिरा लागतं, हे आपल्याला नवीन नाही.

कायदे नाहीत असंही नाही. दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी स्टेडियम बांधताना मजुरांना किमान वेतन रोज सव्वानऊ रुपये होतं. त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत. ते मजूर उत्तर प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातून आणलेले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे, घटनेच्या कलम २३ चा भंग आहे. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी वापरायचा. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, त्यानं दाखला कोणाकडून आणायचा? पन्नासाहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. मी ज्या साइटवर बसले तिथं कधीच इतक्या बायका नव्हत्या, म्हणून पोरं वाळूच्या ढिगावर झोपायची. २०१८ मध्ये या निधीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निघालं, तेव्हा त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं पुढं आलं. २०२० मध्ये संसदेनं हे कायदे नव्या श्रमसंहितांमध्ये घातले. कायद्याचं नाव बदललं तरी नाक्यावरचा प्रश्न तोच आहे: मी काम केलं हे लिहून कोण देणार?

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय बांधकाम खातं त्यांच्याच विभागात होतं. त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी बांधकामाच्या कंत्राटांचाही प्रश्न मांडला. आमचा माणूस फक्त विटा वाहणार नाही, कंत्राटाच्या कागदावरही त्याचं नाव पाहिजे, अशी ती मागणी होती. आज कर्नाटकात ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी बांधकाम कंत्राटांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के राखीव वाटा आहे. म्हणजे ते करता येतं.

आता तुमच्याशी बोलते, पुढं बसलेल्यांशी. तुमच्यापैकी कोणी सिव्हिलला आहे, कोणी समाजकार्याला, कोणी अर्थशास्त्राला. घरात पहिलेच पदवीधर असाल. उद्या तुमच्या हातात असाच एखादा तक्ता येईल. भौजींनी तक्ता वाचल्यानंतर मी माझ्या कामात जे बदलले, ते सांगते.

एक. मी एकट्या मिस्त्रीचं काम मोजणं बंद केलं. वीट ढिगातून निघते आणि भिंतीत बसते, तोवर तिला जितके हात लागतात ते सगळे एका हिशेबात घेते. भिंत जोडीची असते, आकडाही जोडीचा पाहिजे.

दोन. कामाचा वेळ साइटच्या फाटकापासून धरत नाही, नाक्यापासून धरते. सकाळी सातला नाक्यावर उभा राहिलेला माणूस दहाला काम न मिळता परत जातो, ते तीन तासही या उद्योगाचेच आहेत. मजूर वाट बघत उभे राहतात म्हणूनच ठेकेदाराला हवा तेव्हा माणूस मिळतो.

तीन. मजुरी किती, यासोबत ती हातात केव्हा आली हे विचारते. पैसे अडकले की टोळी निघून जाते, नवी टोळी येते, काम उतरवून परत करावं लागतं. उशिराचं कारण म्हणून अहवालात 'मजूर टंचाई' येते. खरं कारण थकलेली मजुरी असतं.

चार. 'कुशल-अकुशल' हा रकाना मी काढून टाकला. त्याजागी तीन प्रश्न घातले: तुम्हाला काय काय येतं, ते कोणी शिकवलं, आणि कोणतं काम येत असूनही करू देत नाहीत? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तरं मिळतात.

यात दयामाया नाही. भौजी दोन दिवस आल्या नाहीत तर भिंत ढिली पडते, आणि आमच्या शास्त्राला ते दिसत नसेल, तर शास्त्रच चुकतंय. काकांनी विचारलं होतं, गवंड्याचं तू काय मोजणार. काका, मी गवंड्याच्या मागं उभ्या असलेल्या बाईपासून मोजायला सुरुवात केलीय.

शेवटी एकच. मागच्या दिवाळीत घरी गेले होते. आईला माझी नवी प्रश्नावली वाचून दाखवली. "तुला काय काय येतं?" असं विचारलं. ती म्हणाली, "मला काय येतंय, मी बिगारी." मग भाकरी थापता थापता बोलायला लागली. स्लॅबचा माल किती पातळ हवा, परांचीची बल्ली पोकळ आहे का ते ठोकून कसं ओळखायचं, पाऊस येणार असेल तर सिमेंटच्या गोण्या कशा लावायच्या. मी लिहीत गेले. दोन पानं भरली. माझ्या प्रबंधाचा फॉर्म भरताना परत तो रकाना आला, आईचा व्यवसाय. या वेळी मी लिहिलं: बांधकाम कामगार, बावीस वर्षांचा अनुभव.

तुमच्याही घरी असा एखादा रकाना चुकीचा भरलेला असेल. आज घरी गेल्यावर आईला विचारा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या.

जय भीम. जय सावित्री.